दानशूर साहेब, भिंत राहू द्या

कंपनीचे दानशूर साहेब यांस,


लालबागच्या आमच्या चाळीच्या भिंतीवर तुम्ही खानावळवाल्या मावशींचं तीन मजली चित्र काढून दिलंत, आभारी आहोत. नाकात नथसुद्धा आहे. खरी नथ १९८२ च्या संपात सोनाराकडे गेली ती गेलीच. चित्र बघायला आधी कॅमेरेवाली पोरं आली, त्यांच्यामागून एजंट. मावशी पोटभाडेकरू, भाडं वाढलं तशा टिटवाळ्याला गेल्या. भिंतीवरच्या मावशींना भाडं नाही, त्या राहिल्या.

२०१३ च्या कंपनी कायद्याने बड्या कंपन्यांना नफ्यातले २ टक्के समाजकार्याला घालावे लागतात, हे आम्ही जाणतो. मार्च आला की बाकं, कुंड्या नि रंगाचे डबे आमच्याच गल्लीत का उगवतात, हेही. ‘आमच्या भल्याच्या’ गोष्टींची गिरणगावाला सवय आहे. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीतला साधारण एक वाटा मालकाला, एक मोकळ्या जागांना, एक म्हाडाच्या घरांना होता. २००१ मध्ये एवढंच बदललं, की वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाचाही शिक्का बसला. तेव्हापासून कुणी ‘कायापालट’ म्हटलं की आमची मंडळी आधी रेशनकार्ड शोधतात.

आता पुनर्विकास येतोय. घर फुकट मिळेल; लिफ्ट, पंप, वॉचमन फुकट नाहीत. पागडीच्या खोलीचं भाडं आज भाजीच्या पिशवीहून कमी. टॉवरचा मेंटेनन्स पेन्शनवरचा कामगार वर्षभर भरतो, दोन वर्षं भरतो, मग घर विकून बदलापूर गाठतो. कुणी हाकललं म्हणता येत नाही. व्यवहार रीतसर, वर पेढे.

तेव्हा पुढच्या मार्चला रंग नको. तेवढी रक्कम सोसायटीच्या नावाने मुदत ठेवीत टाका, व्याजातून म्हाताऱ्यांचा मेंटेनन्स भागेल. आणि एक वकील द्या, सही करण्याआधी करार वाचणारा: बांधकाम रखडलं तर बाहेरच्या जागेचं भाडं कोण देणार, ताबा कधी. यात फोटो निघत नाही, ही तुमची अडचण समजते. हवं तर लिफ्टमध्ये तुमच्या नावाची पाटी लावू. बावीस मजले चढेपर्यंत वाचायला दुसरं काही नसतंच.

आपला,
पागडीवाला भाडेकरू
दुसरा मजला, संडासाशेजारची खोली

ता. क. मावशी डबे अजून इथेच भरतात. पहाटेची लोकल पकडून करी रोडला उतरतात.