ओला की सुका?

नवतपा लागला की नागपुरात माणसाची बुद्धी वितळते म्हणतात. आमच्या सोसायटीच्या कमिटीची मात्र धारदार होते. रविवारच्या सभेत एकच विषय होता: आवारात कुत्र्यांनी ठेवलेला ऐवज ओल्या कचऱ्यात धरायचा की सुक्या?

२०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे वर्ग पाडले. पण हा ऐवज सकाळी सहाला ओला असतो आणि भरदुपारी, पारा ४५ ला टेकला की, सुका. कचरागाडी येते नऊला, म्हणजे ऐन संक्रमणकाळात. सेक्रेटरींनी ‘घातक’ सुचवलं, तर ब्रूनोचे पप्पा दुखावले.

पप्पा तसे हळवे गृहस्थ. ब्रूनो हस्की, सबब त्याच्या खोलीत अखंड एसी. फिरायला न्यायच्या आधी पप्पा वाकून डांबरावर तळहात टेकवतात, पोराचे पंजे भाजू नयेत म्हणून. पशुवैद्यही हेच सांगतात. नवल एवढंच, की थोड्याच वेळात तीच कंबर वाकायला तयार नसते. “कशाला उचलाचं भाऊ? ऊन हाय ना! वाळून जाते आपोआप.”

वाळतं, पण वरून. भाकरीसारखा पापुद्रा धरतो आणि आत माशांचं बाळंतपण सुखरूप पार पडतं. या उष्म्यात अंड्यापासून उडत्या माशीपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. जंतांची अंडी त्याहून चिवट. सावलीतल्या मातीत ती महिनोन्‌महिने तग धरतात, आणि सावली म्हणजे आमच्याकडे कडुनिंबाखालची, जिथं पोरं खेळतात. तळमजल्यावरच्या काकूंनी कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या. कूलर हवा ओढतो ती आवारातली, त्यामुळे काकूंच्या घरी सध्या मिश्र अत्तर दरवळतं. त्यात संध्याकाळी माळी सडा मारतो. सुका परत ओला! वर्गवारी पुन्हा पहिल्यापासून.

कुणीतरी खताची कल्पना काढली. निवृत्त कृषी अधिकाऱ्यांनी हात जोडले. गाय गवत खाते, ब्रूनो चिकन खातो. घरच्या खतखड्ड्यात जंतांची अंडी मरण्याइतकी उष्णता होईलच याची खात्री नाही, तेव्हा कोथिंबिरीला तरी हे घालू नका. ‘बाहेर ४५ आहे की,’ यावर त्यांनी उत्तर दिलं नाही.

मुंबईत न उचलणाऱ्याला दंड आहे, हे मी भीत भीत सांगितलं. असं कलम १९५३ च्या नागपूर करारात नाही, असं एका ज्येष्ठांनी निदर्शनास आणलं आणि टाळ्या घेतल्या.

खुरपं आणि झाकणाची बादली आणण्याची सूचना खर्चिक म्हणून फेटाळली गेली. तिघांची उपसमिती मात्र नेमली आहे. तिनं प्रत्यक्ष पाहणी करून अहवाल द्यायचा. उन्हाचा त्रास नको म्हणून पाहणी मृगाच्या पहिल्या पावसानंतर ठेवली आहे.