हिरवळीवरचा संसार

बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या बर्कशायरच्या डोंगरांत, टँगलवूडला मुक्कामाला जातो. छपराखालच्या चांगल्या खुर्च्या महाग. म्हणून व्यवहारी रसिक हिरवळीचे स्वस्त तिकीट काढतात आणि वाचलेले पैसे सामानात घालतात. घडीच्या खुर्च्या, बुटके टेबल, पांढरा टेबलक्लॉथ, काचेचे पेले, चीज, वाइन. बाहेरचे खाणेपिणे तिथे चालते (आपल्याकडे फाटकावर पाण्याची बाटलीसुद्धा काढून घेतात). काहीजण तर चक्क चांदीची शमादाने आणतात! बॉस्टनच्या मराठी घरातून सतरंजी आणि थालीपिठांचा डबा निघतो. त्या डब्याचे झाकण नेमके सिम्फनीच्या संथ भागात उघडायचे असते.

एवढ्या गोतावळ्यात छत्री मात्र राहते. वास्तविक तिथले छप्परच पावसाच्या कृपेने झाले. १९३७च्या ऑगस्टमध्ये तंबूत वाग्नर चालू असताना वादळ आले, कार्यक्रम थांबवावा लागला. महोत्सवाच्या कर्त्याधर्त्या गर्ट्रूड रॉबिन्सन स्मिथ बाईंनी तिथल्या तिथे पक्क्या छपरासाठी वर्गणी मागितली. वेळ अचूक साधली. भिजलेल्या श्रोत्याइतका उदार देणगीदार दुसरा नाही. १९३८मध्ये छप्पर उभे राहिले.

हिरवळीवर अजूनही आभाळच आहे, तेव्हा रेनकोट घ्या. कार्यक्रमपत्रिका विसरलात तरी चालेल. एका हातात पेला, दुसऱ्या हातात चीज. ती धरणार कशाने?