तेलाच्या तापाचा पंचनामा

बेल्ह्याचा सोमवारचा बाजार हा प्राधान्याने बैलांचा. विमानासारख्या विषयाला तेथे अधिकृत स्थान नाही. तथापि अमेरिकेतील ओहायो प्रांती, डेटन मुक्कामी राहणाऱ्या आमच्या भाच्याने आपल्या गॅरेजमध्ये दोन आसनांचे विमान स्वहस्ते उभारल्यापासून, आणि तेथील रविवारची रात्र ती येथील सोमवारची सकाळ असा खुद्द सूर्यनारायणाचाच बंदोबस्त असल्यामुळे, त्याच्या साप्ताहिक उड्डाणाची फिर्याद नेमकी बाजाराच्या दिवशी, मी इंजिने दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या दुकानात चहा घेत बसलो असताना दाखल होऊ लागली. फिर्याद दर खेपेस एकच असे: इंजिनातले तेल तापते.

घरी विमान बांधण्याचे बेल्हेकरांना नवल नव्हते. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान उभारले, २०१६ साली ते वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात मांडले आणि २०१७ साली त्याच्या नोंदणीचा सरकारी दाखला मिळविला, हे येथे सर्वश्रुत होते. सबब, गच्ची सोडून हा गॅरेजमध्ये कशाला शिरला, एवढाच काय तो प्रश्न उपस्थित झाला. शिवाय डेटन हे राइट बंधूंचे गाव, आणि त्यांचे १९०३ चे इंजिनदेखील तापले म्हणजे सोळा अश्वशक्तीवरून बारावर घसरत असे. तेव्हा भाच्याने निदान ग्रामपरंपरा तरी पाळली, असे मी त्याच्या आईला लेखी कळविले. तिचे उत्तर आले नाही.

तेलाचे काम वंगणाचे, अशी आमची भाबडी समजूत होती. परंतु वायुशीतल इंजिनात पिस्टनची आणि बेअरिंगांची उष्णता वाहून नेण्याची हमालीही त्याच्याच माथी असते. ते सुमारे ८५ अंशांवर आले, की एक स्वयंचलित झडप आडवाट बंद करून त्यास कूलरमार्गे रवाना करते, आणि ११८ अंश ही त्याची सामान्यतः अखेरची हद्द. भाच्याचे तेल या हद्दीच्या वेशीवर जाऊन उभे राहत असे. त्याने, सुशिक्षित मनुष्य करील तेच केले: धाकटा कूलर बडतर्फ करून थोरल्याची नेमणूक केली. तापमान किंचित उतरले. विमानाचे वजन आणि सूनबाईंचा पारा मात्र चढला.

"काटा खरं बोलतोय कशावरून?" मिस्त्रींनी विचारले. आरोपीस शिक्षा देण्यापूर्वी साक्षीदाराची उलटतपासणी व्हावी, ही मागणी न्यायाला धरून होती. भाच्याने तापमापकाचा सेन्सर काढून उकळत्या पाण्यात बुडविला, तो काट्याने १०४ अंशांची जबानी दिली. डेटनला पाणी नव्व्याण्णवच्या सुमारास उकळते. म्हणजे पाच अंशांचा ताप निव्वळ कागदोपत्री होता! उरलेला मात्र खरा निघाला. झडपेची बैठक झिजली असेल तर तेल कूलर चुकवून परस्पर पसार होते, म्हणून तीही तपासली. ती निर्दोष सुटली.

मग मिस्त्रींनी फोन माझ्या हातून घेतला. "वारा आत कुठून येतो ते तुम्ही सांगितलंत, साहेब. बाहेर कुठून पडतो?" त्यांचा अर्धा जन्म इंजिनांत आणि अर्धा कांद्यात गेलेला; कांद्याच्या चाळीतला वारा एका अंगाने कोंडला, की दुसऱ्या अंगाने कितीही फटी ठेवा, कांदा सडायचा तो सडतोच, हे ज्ञान त्यांनी स्वखर्चाने संपादन केलेले होते. भाचा क्षणभर गप्प झाला. त्या रात्री त्याने इंजिनावरील झाकणाच्या आत दिवा ठेवून गॅरेजमध्ये अंधार केला, तेव्हा हवा अडविणाऱ्या पत्र्यांच्या कडेच्या रबरी पट्ट्यांलगत जागोजाग उजेड गळत होता. एके ठिकाणी तर अंगठा सुखेनैव आत जाई. इंजिनाच्या वरच्या बाजूस दाबाने साचलेली हवा कूलरच्या जाळीतून धक्के खात जाण्यापेक्षा या चोरवाटांनी निसटत होती, आणि जी प्रामाणिकपणे जाळीतून जाई तिला खालचे निर्गमद्वार अरुंद पडे. त्याने फटी तांबड्या सिलिकॉनने बुजविल्या, द्वार रुंद केले, आणि तेल नव्वदीवर येऊन सभ्य गृहस्थासारखे वागू लागले. धाकटा कूलर परत बसवावा काय, हा विषय सूनबाईंनी काढल्याचे कळते.

प्रकरण दप्तरी दाखल झाले, असे आम्ही समजलो. परंतु डिसेंबरात, बाजार भरात असताना, पुन्हा फोन खणखणला. आता तेल तापतच नव्हते! सत्तरीच्या पलीकडे ते सरकेना. पुरेसे तापल्यावाचून त्यात जमणारे पाणी वाफ होऊन उडून जात नाही आणि आतले लोखंड गंजू लागते. सबब एवढ्या सायासाने मोकळा केलेला कूलर पत्रा लावून निम्मा झाकावा काय, अशी भाच्याची नम्र पृच्छा होती. मी ती अक्षरशः निवेदन केली. मिस्त्रींनी पाना खाली ठेवला.

"गुरुजी," ते म्हणाले, "त्यांना म्हणावं, गार पाहिजे का गरम, ते एकदा घरात बसून ठरवा. मग फोन करा. आज बाजार आहे."