भिंतीतील ओलबाईंस अनावृत पत्र

अखंडितक्षार-अलंकृत, भित्तिनिवासिनी श्रीमती ओलबाई, वस्ती जुने घर, मौजे महागाव, तालुका मजकूर, जिल्हा यवतमाळ, यांचे सेवेशी घरमालकाचा कृतानेक नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण की, घरपट्टी आम्ही भरतो आणि नगरपंचायतीच्या दप्तरी नावही आमचेच आहे. तथापि माजघराच्या उत्तरेकडील भिंतीवर जोत्यापासून खांद्यापर्यंत आपला जो निर्वेध कबजा चालू आहे, तो पाहता घराचे खरे मालक कोण, याविषयी पाहुणेमंडळींच्या मनात संशय उत्पन्न होऊ लागला आहे. बारा वर्षांच्या विनाहरकत कबजाचे महत्त्व १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने मान्य केले आहे, आणि विदर्भातील कुळांना संरक्षण देणारा १९५८ चा कायदा शेतजमिनीपुरता मर्यादित राहिला, हे आमचे थोर भाग्य. एरवी आपण केव्हाच संरक्षित कूळ म्हणून तहसील कचेरीत उभ्या राहिला असता.

आपले येथील आगमन जुने आहे, हे आम्ही नाकारीत नाही. आमच्या मुलखातील काळी जमीन पावसात फुगते, वैशाखात भेगाळते आणि मधल्या काळात पाणी असे धरून ठेवते की सावकारानेही हेवा करावा. ज्यांनी हे घर बांधले त्यांनी काळ्या दगडाचे जोते घातले, पण दगडांच्या सांध्यांत माती भरली. त्या मातीतून, दिव्याच्या वातीतून तेल चढावे तशा, आपण वर चढू लागला. मात्र त्या माणसांचे शहाणपण असे की, आपल्याला अडविण्याच्या भरीस न पडता त्यांनी आपल्या परतीची वाट मोकळी ठेविली. पांढऱ्या मातीची हातभर जाड भिंत, तीवर घाण्यात मळलेल्या चुन्याचा हलका गिलावा आणि दरसालची सफेती, या सर्वांतून आपला श्वास बाहेर पडे आणि चैत्राच्या उन्हाबरोबर आपले बिनतक्रार प्रस्थान होई.

पुढे सिमेंटाचे युग अवतरले आणि आपल्या सेवेस सारा गाव लागला. ओल दिसली की त्या जागी सिमेंटाचा तीन फुटी पट्टा मारावा, त्यावर तैलरंग चढवावा आणि त्याहूनही मन न भरले तर चकचकीत टाइल्स बसवाव्यात, असा जो कुलाचार रूढ झाला, त्याने आपल्या जाण्याची सर्व दारे बंद होऊन आपण पट्ट्याच्या वरच्या कोऱ्या भिंतीवर, पाच फुटांपर्यंत, सन्मानाने विराजमान झाला. बरोबर आणलेले क्षार उन्हाळ्यात सुकून स्फटिकरूप होतात आणि रंगाला आतून रेटा देतात. मग बोट लावावे तो पोपडा सुटून खाली पांढरी भुकटी ओघळते. पावसाळा लागताच तोच लोणा हवेतले पाणी ओढून पुन्हा ओला. त्यात रस्त्यावर रस्ता चढत गेल्याने पूर्वी जेथे दोन पायऱ्या चढून घरात यावे लागे, तेथे आता रस्त्यावरून घरात उतरावे लागते; जोते भरावाखाली गेले आणि आपणांस भिंत थेट खुली झाली. हा आपला मान कोणत्या ठरावाने मंजूर झाला, ते दप्तरी सापडत नाही.

आपल्या धाकट्या भगिनींचा उल्लेख राहिला तर त्या रुसतील. त्या जमिनीतून येत नाहीत, हवेतून येतात. आषाढात कोट्याच्या थंड फरशीला घाम फुटतो, पौषात टिनपत्र्यांवरून अंथरुणावर थेंब पडतात, ती त्यांचीच लीला. वीस अंशांची बाष्पाने भरलेली हवा रात्री दहा अंशांवर आली की घनमीटरमागे सात-आठ ग्रॅम पाणी खाली टाकते. म्हणजे दहा बाय बाराच्या एका खोलीत पावशेराहून अधिक. त्यांच्या पाहुणचारात आम्ही कसूर करीत नाही: खिडक्या बंद ठेवून स्वयंपाक करतो, आणि एक किलो गॅस जळताना दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ होते, ओली धोतरे खोलीत वाळत घालतो, आणि मे महिन्यात कोरड्या झळांवर जो कूलर अमृतासमान, तोच जुलैतही लावून ठेवतो. दोघी बहिणींत गल्लत होऊ नये म्हणून आम्ही भिंतीवर काचेचा तुकडा कडा चिकटवून दिवसभर ठेविला. काच खोलीच्या बाजूने ओली झाली तर धाकटी, भिंतीच्या बाजूने ओली झाली तर आपण. काच भिंतीच्या बाजूने ओली निघाली. सबब ही नोटीस आपल्या नावे.

आपले थोरले बंधू पूर यांची गोष्ट निराळी. २२ जुलै २०२३ रोजी त्यांनी याच तालुक्यातील आनंदनगर तांड्यास वेढा घातला, तेव्हा वायुसेनेची हेलिकॉप्टरे मागविण्यापर्यंत मजल गेली. बंधूंचा पंचनामा होतो, पडझडीची नोंद होते. परंतु पाणी ओसरल्यावर उभ्या राहिलेल्या भिंतीत आपण पुढे कित्येक महिने मुक्काम ठोकता, त्यासाठी तलाठ्याजवळ रकाना नाही. सरकारच्या लेखी भिंत पडली तरच ती भिजली.

तरी कळविण्यात येते की, दिवाळी उरकताच सिमेंटाचा पट्टा मातीपर्यंत खरवडला जाईल, दाराबाहेरील भराव जोत्याखाली उतरवून नाली काढली जाईल आणि भिंत उन्हाळाभर उघडी सोडून मगच तीवर चुना चढेल. चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधावा लागत आहे, एवढी सवड आपणांस आहे. मधल्या काळात कोणी जलरोधक रंगाचा डबा घेऊन दारी आला, तर तो आपलाच वकील आहे असे समजून त्यास ओट्यावरूनच चहा पाजून परत पाठविण्यात येईल. आपले काही म्हणणे असल्यास ते लेखी द्यावे. भिंतीवर लिहू नये.

आपला,
घरमालक (कागदोपत्री)