राऊंड फिगर तात्या

धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही आडतीवर जा, पोत्याला टेकून बसलेला एक तात्या सापडतोच. कळंब असो की उमरगा. खिशाला पेन असतं, पण ते शोभेचं. हिशेब सगळा तोंडी. "वरचं सोडा हो, राऊंड फिगर बोला!"

२०२४-२५च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. समजा, सौद्यात भाव निघाला ४,१८७. फरक किती? मुनीम कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत तात्यांचं उत्तर तयार: "पाच हजारातनं चार गेले. क्विंटलमागं हजाराला बुडालो की!"

खरा फरक ७०५. वरचा आकडा वर ढकलला, खालचा खाली. दोन्ही चुका एकाच पारड्यात पडल्या. शेकड्यावर आणून ४,९०० वजा ४,२०० केलं असतं तर सातशे आले असते, जवळजवळ बरोबर. पण सातशेत हळहळायला मजा ती काय!

उधारी फेडताना मात्र गाडी उलटी धावते. घेतलेले ४,६५० म्हणजे 'साडेचार हजार', फेडलेले २,३८० म्हणजे 'अडीच'. राहिले दोन. खरे राहतात २,२७०. दुकानदार पाटी-पेन्सिल घेऊन बसला तरी नियम मोडल्याचं सिद्ध होत नाही, कारण जवळचा अर्धा हजार धरला तर तात्या काटेकोर बरोबर असतात. साडे आणि अडीच हे शब्द मराठीने जणू त्यांच्यासाठीच घडवले.

कधीकधी अंदाजपंचे दाहोदरसेही लागू पडतं. नळदुर्गचा पाणी महाल १६१३चा. २०२५मध्ये पाहुण्याने वय विचारलं. "दोन हजारातनं सोळाशे गेले, चारशे!" खरी वर्षं ४१२. दोन्ही आकडे खालीच उतरवल्यामुळे एका चुकीने दुसरीला बरंचसं खाऊन टाकलं. श्रेय अर्थात तात्यांनी घेतलं.

लोहारा तालुक्यातल्या सास्तूरकडचा तात्या भेटला, तर बोलणं कधीतरी भूकंपावर येतंच. ३० सप्टेंबर १९९३. चहाचा कप खाली ठेवून तो वेळ सांगतो: पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटं.

"म्हणजे चार वाजता," ऐकणारा त्याचीच रीत वापरून म्हणतो.

"चार नव्हं. तीन छप्पन."