व्ह्यूपुरतं जंगल

पैसे भरून चालणं हा मुंबईकराचा नवा छंद आहे. एरवी स्टेशनपर्यंत शेअर रिक्षाशिवाय न जाणारी माणसं रविवारी पहाटे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या गेटवर रांगेत उभी असतात. अंगात खाकी शर्ट, म्हणजे जनावरांना दिसू नये. डोक्यावर लालभडक टोपी, म्हणजे फोटोत दिसावं.

वॉक लीडर हळू आवाजात ऐन दाखवतो, कोशिंब दाखवतो, भृंगराजाची शेपटी दाखवतो. मंडळी मान डोलावतात आणि मनातला एकच प्रश्न आळीपाळीने विचारतात, ‘बिबट्या दिसेल ना?’ अहो, बिबट्या बघायला इथे कशाला आलात? तो रात्री तुमच्याच सोसायटीच्या मागे कुत्र्याच्या शोधात येऊन गेला. वॉचमनला विचारा, सीसीटीव्हीत आहे. इथल्या वारल्यांनी त्याला वाघोबा म्हणून पुजलं आणि आपली वाट धरली. दर्शनाचं तिकीट त्यांना सुचलं नाही.

कान्हेरीच्या लेण्यांना पोचेपर्यंत निम्म्यांच्या बाटल्या संपलेल्या असतात. मग पाण्याच्या नावाने आरडाओरडा सुरू होतो, तोही कुठे, तर दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी पाण्याचा हिशेब कातळात मांडला त्यांच्या दारात! लेणं खोदायचं तर शेजारी पाण्याची पोढी खोदायची, डोंगरउतारावर पन्हळी काढायच्या आणि पावसाळ्यातला थेंब उन्हाळ्यापर्यंत पुरवायचा, असा इथल्या भिक्खूंचा कारभार होता. शंभरावर लेणी आहेत आणि टँकर एकाही शिलालेखात नाही. पुढे इंग्रजांनाही मुंबईची तहान भागवायला हेच डोंगर आठवले. १८६० साली विहार तलाव झाला, १८७९ साली तुळशी. दोन्हींचं पाणी अजून शहराला जातं. याच जंगलातल्या काही पाड्यांना मात्र नळासाठी वर्षानुवर्षे अर्ज लिहावे लागले. तलाव जवळ असणं वेगळं आणि नगरसेवक जवळ असणं वेगळं.

लेण्यांना देणग्या देणाऱ्यांत कल्याणचे लोक होते, असं शिलालेख सांगतात. ते इथवर डोंगर आणि खाडी ओलांडून येत. आज कल्याणहून बोरिवलीला लोकलने यायचं तर दादरचा वळसा. म्हणून आता ठाणे-बोरिवली जुळे बोगदे या जंगलाच्या पोटातून काढताहेत. झालं की जंगलातून जाणं दहा-पंधरा मिनिटांचं काम, आणि ऐनाचं नाव लक्षात ठेवायची कटकट नाही.

नव्वदाव्या लेण्यात थोडं थांबावं. १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी पाहुण्यांनी तिथे पहलवीत आपली नावं तारखेसकट कोरून ठेवली आहेत. ग्रुप तोच, सहल तीच, हजेरीपटही तोच! हजार वर्षं गेली, की पुरातत्त्ववाले त्याला लेख म्हणतात. शेजारच्या भिंतीवर बदामात बाण मारणाऱ्या संजूला जरा घाई झाली, इतकंच.

उतरताना कड्यावरून टॉवर दिसतात. जंगलाच्या कुंपणाला खांदा लावून उभे, आणि बहुतेकांच्या नावात ‘ग्रीन’, ‘वुड’ नाहीतर ‘फॉरेस्ट’. १९९७ साली उच्च न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणं हटवायला सांगितलं, झोपड्यांवर हातोडा पडला. उद्यान व्हायच्या कितीतरी आधीपासूनचे आदिवासी पाडेही तेव्हापासून आपण अतिक्रमण नाही, हे कागदाने शाबीत करत बसलेत. भिंतीच्या आत राहिला तो घुसखोर. भिंतीला टेकून तिसाव्या मजल्यावर राहिला तो निसर्गप्रेमी; त्याच्याकडून व्ह्यूचे चौरस फुटामागे जादा पैसे घेतात आणि तो आनंदाने देतो. रविवारच्या वॉकमध्ये ‘फार बिल्डिंगा झाल्या हो’ असं सर्वांत आधी म्हणतो तोही हाच.

निघताना कोणीतरी कारवीचं विचारतंच. ती आठ वर्षांतून एकदा फुलते. २०१६ला फुलली, २०२४ला फुलली, आता थेट २०३२. ज्यांनी नवा ‘फॉरेस्ट फेसिंग’ फ्लॅट बुक केलाय, त्यांनी बिल्डरला एवढंच विचारून घ्यावं, ताबा कारवीच्या आधी की नंतर?