शिफ्ट होऊ घातलेला गृहस्थ

मालकाने कारखाना किंवा सरकारने कचेरी एका गावाहून दुसऱ्या गावी हलवली, की टेबले, कपाटे, फायली आणि भिंतीवरचे बंद पडलेले घड्याळ तिच्यामागून निमूटपणे जातात; माणूस मात्र जातो म्हणतो आणि जात नाही. पालघर आणि बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात अशा माणसांची एक स्वतंत्र जमात गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत तयार झाली असून तिला स्थानिक बोलीत ‘अपडाउनवाले’ म्हणतात. अपडाउन म्हणजे नोकरीच्या गावी बिऱ्हाड न करता रोज रेल्वेने जाऊन-येऊन नोकरी करणे. वास्तविक रेल्वेच्या परिभाषेत चर्चगेटकडे जाणारी गाडी ‘अप’ आणि चर्चगेटपासून दूर जाणारी ‘डाउन’ असल्यामुळे, सकाळी बोरिवलीहून बोईसर गाठणाऱ्या आणि संध्याकाळी परतणाऱ्या या गृहस्थाच्या दिनक्रमाला ‘डाउनअप’ असे म्हणायला हवे. परंतु आपला दिवस डाउनने सुरू होतो हे रोज सकाळी उठून कोणी कबूल करावे, या विचाराने शब्दांचा क्रम फिरवला गेला असावा.

या जमातीच्या दोन शाखा आहेत आणि दोन्हींची कुंडली 1 ऑगस्ट या तारखेपाशी जुळते. पहिली शाखा खासगी नोकरदारांची. 1 ऑगस्ट 1962 रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली एमआयडीसी, स्थापन झाले. मुंबईतील कारखान्यांची दाटी कमी व्हावी आणि उद्योग मागास भागांत जावेत यासाठी 1964 पासून सामूहिक प्रोत्साहन योजना लागू झाली. आणि पुढे अंधेरी-गोरेगावची जागा सोन्याच्या भावाने विकली जाते हे मालकांच्या ध्यानी आल्यावर रंग, रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने एकामागून एक तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत येऊन बसले. दुसरी शाखा सरकारी नोकरांची. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा 36 वा जिल्हा झाला आणि ठाण्यातील कचेऱ्यांचा एक हिस्सा पालघरकडे निघाला. 1 ऑगस्ट हा महसूल दिनही असल्यामुळे, पालघरला नेमणूक झालेल्या ठाणेकर अव्वल कारकुनाला त्या दिवशी शुभेच्छा द्याव्यात की त्याचे सांत्वन करावे, असा पेच सहकाऱ्यांना पडावा हे स्वाभाविक होते.

येथे ‘तारापूर’ या नावाचा उलगडा करणे भाग आहे, कारण अपडाउनवाल्याची निम्मी प्रतिष्ठा त्यावर उभी असते. तारापूर हे किनाऱ्यावरचे, किल्ल्याचे जुने गाव. अणुवीज केंद्र त्याच्या नावाने ओळखले जाते आणि औद्योगिक वसाहतही त्याच्याच नावाने ओळखली जाते, मात्र ही वसाहत बोईसरला चिकटून आहे आणि तिथे जाणारा माणूस बोईसरलाच उतरतो. त्यामुळे रंगाच्या कारखान्यात हिशेब लिहिणाऱ्या उपवर मुलाच्या माहितीपत्रकात ‘नोकरी : तारापूर’ एवढेच लिहिले, की मुलीकडच्या मंडळींच्या डोळ्यांपुढे अणुभट्टी उभी राहते आणि मुलाकडची मंडळी तो गैरसमज दूर करण्याची घाई करत नाहीत. लग्नानंतर सूनबाईंना खरा प्रकार कळतो, तो नवऱ्याच्या शर्टाच्या वासावरून.

‘शिफ्ट होणे’ हे क्रियापद या गृहस्थाच्या व्याकरणात फक्त भविष्यकाळी चालते. लोकल विरारला संपत असे आणि पुढे शटल किंवा लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या भरवशावर राहावे लागे, त्या काळात तो म्हणे, की एकदा डहाणूपर्यंत लोकल होऊ द्या, मग काय ते ठरवू. एप्रिल 2013 मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली, तेव्हा तो म्हणाला, की आता थेट लोकल झाली, आता शिफ्ट कशाला व्हायचे? विरारच्या पुढे जाण्यायेण्याचे दोनच रूळ असल्याने राजधानीपासून मालगाडीपर्यंत सर्वांना वाट देत लोकल मध्येच थांबते, तेव्हा मात्र तो खवळतो आणि विरार ते डहाणू या 64 किलोमीटरांचे चौपदरीकरण पुरे झाले की प्रश्नच मिटेल, असे शेजाऱ्याला बजावतो. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या आराखड्यात बोईसर हे स्थानक आहे हे कळल्यापासून तर त्याने बोईसरला घर पाहणे पूर्णपणे थांबवले आहे. गाडी उशिरा आली तर ती लवकर येऊ लागेपर्यंत थांबायचे आणि लवकर येऊ लागली तर हलायचे कारणच उरत नाही, अशी ही दुधारी तर्कपद्धती असून न्यायशास्त्राच्या अभ्यासकांनी तिच्याकडे अद्याप लक्ष दिलेले नाही.

रेल्वे सोडली तर उरलेली कारणे घरगुती आहेत. त्यांत पहिला मान मुलाच्या दहावीला. दहावीच्या वर्षी शाळा बदलू नये हे सर्वमान्य आहे. दहावीनंतर बारावी येते, बारावीनंतर प्रवेश परीक्षा, आणि तोवर धाकटी आठवीत पोचलेली असते. दोन अपत्यांमध्ये चार वर्षांचे अंतर राखलेल्या कुटुंबात हे कारण विनातक्रार सहा-सात वर्षे पुरते. पत्नीची मुंबईतील शाळेतली किंवा बँकेतली नोकरी, आईचे गुडघे आणि त्या गुडघ्यांची सवय झालेले डॉक्टर, सोसायटीचे फेडत आणलेले कर्ज, ही पुढची कारणे. आणि त्यांत खोटे असे एकही नाही, हे नमूद करणे न्यायाचे ठरेल. अलीकडे यात शास्त्रीय कारणाचीही भर पडली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली देशातील औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले तेव्हा तारापूर 93.69 गुणांनी पहिले आले. या परीक्षेत गुण जितके अधिक तितकी हवा, पाणी आणि जमीन यांची अवस्था वाईट, असा उलटा हिशेब असतो. ‘एवढे मार्क आमच्या चिरंजीवांना दहावीला पडले नाहीत,’ असे म्हणून गृहस्थ तो विषय कायमचा मिटवतो.

तथापि नियम नावाची एक गोष्ट असते. सरकारी नोकराने मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहावे अशी अपेक्षा असते, आणि खेड्यातील शिक्षक किंवा ग्रामसेवक तेथे खरोखर राहतो की नाही याची साक्ष ग्रामसभेच्या ठरावाने काढण्यापर्यंत ग्रामविकास खात्याची मजल गेलेली आहे. खासगी कंपनीतही ‘रात्री मशीन बंद पडले तर अर्ध्या तासात पोचणारा माणूस हवा’ असे व्यवस्थापक अधूनमधून म्हणतो. या दोन्ही संकटांवर काढलेला तोडगा म्हणजे ‘रूम’. रूम म्हणजे घर नव्हे. चौघांनी मिळून भाड्याने घेतलेली, बोईसर स्थानकापासून शेअर रिक्षाच्या अंतरावरची एक खोली, जिचा भाडेकरार फाइलमध्ये असतो आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. आत शिरल्यावर समोरच्या भिंतीवर चार खिळे दिसतात. प्रत्येकाखाली बॉलपेनने एकेक आडनाव लिहिलेले असते आणि एकाला छत्री, दुसऱ्याला हाताच्या कोपराला विरलेला स्वेटर, तिसऱ्याला रिकामी कापडी पिशवी लटकलेली असते. कोपऱ्यात नायलॉनच्या दोरीने आवळलेली एक गादी, एक निळी बादली, तिच्यात तिच्या मापाचा नसलेला मग, खिडकीच्या फळीवर अर्धी जळलेली डासांची अगरबत्ती आणि दारामागे जुलै महिन्यावर थबकलेले कॅलेंडर. जुलैच का, याचे उत्तर हवामानात सापडते: नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढले, की वर्षातून दोन-तीन रात्री चौघे त्या एका गादीवर आडवे होतात आणि घरी फोन करून, आपण शिफ्ट झालेलेच बरे, असे पुन्हा एकदा ठरवतात. पाणी ओसरते, तसा तो ठरावही ओसरतो.

उलट या गृहस्थाचे खरे बिऱ्हाड लोकलच्या डब्यात मांडलेले असते. ठरलेला डबा, ठरलेला दरवाजा, ठरलेली खिडकी आणि ठरलेला ग्रुप. त्यात एखादा नवखा चुकून खिडकीशी बसला तर त्याला कोणी उठवत नाही, फक्त आठ माणसे त्याच्याकडे पाहत उभी राहतात. वैतरणेच्या पुलावर वर्तमानपत्राची पाने बदलली जातात, सफाळ्याला डबे उघडले जातात, आणि केळवे रोड ते पालघर या टप्प्यात एखाद्याच्या मुलीचे लग्न जमते किंवा भविष्य निर्वाह निधीच्या अर्जातली चूक सापडते. संध्याकाळी परतताना हाच कारकून कुटुंबाचा पुरवठा अधिकारी होतो: वाणगावची मिरची, घोलवडचे चिकू, उन्हाळ्यात ताडगोळे, आणि पगाराच्या आठवड्यात सातपाटीचे पापलेट, ज्याची पिशवी तो दोन पायांच्या मध्ये धरून, वास आपल्याकडून येतच नसल्याच्या मुद्रेने बोरिवलीपर्यंत उभा असतो. बोरिवलीच्या इमारतीत त्याला ‘पालघरवाले’ आणि पालघरच्या कचेरीत ‘बोरिवलीवाले’ म्हणतात. दोन्ही ठिकाणी तो परगावचाच ठरतो.

29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारने पाच दिवसांचा आठवडा लागू केला, तेव्हा सरकारी शाखेने डब्यात पेढे वाटले. पण त्या बदल्यात कामाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा अशी झाली आणि ठरलेली गाडी चुकून मागची गाडी, म्हणजे परका डबा, परकी खिडकी आणि परकी माणसे, असा प्रसंग ओढवला. शनिवारचा एक प्रवास वाचला, परंतु उरलेले पाच दिवस निर्वासितासारखे काढावे लागले. पुढे कोळगावला सिडकोने बांधलेल्या भव्य संकुलात 2021 साली जिल्हाधिकारी कार्यालय गेले. इमारत पाहून पाहुणे थक्क होतात. अपडाउनवाला मात्र तिचे मोजमाप स्थानकापासूनच्या रिक्षाभाड्यात करतो.

खऱ्या अर्थाने शिफ्ट झालेला माणूस या पट्ट्यात पाहायचा तर अणुवीज केंद्राच्या कॉलनीत जावे लागते. 1969 साली केंद्राचे पहिले दोन संच सुरू झाले. नोकरीपाठोपाठ क्वार्टर, शाळा, दवाखाना आणि खेळाचे मैदान आले, आणि लोक कुरकुर न करता राहिले. मालकाने गावच सोबत आणला तर माणूस येतो, एवढाच याचा अर्थ. याच केंद्राच्या 3 आणि 4 क्रमांकाच्या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी या गावांना उठून पुनर्वसन वसाहतीत जावे लागले. त्यांची बदली झालेली नव्हती, त्यांना घरभाडे भत्ता नव्हता, आणि मासेमारीसाठी समुद्रावर अपडाउन करण्याची सोय त्यांना कोणी विचारली नाही. अपडाउनवाल्याची थट्टा करताना हा फरक लक्षात ठेवलेला बरा.

शहाणी माणसे हिशेब मांडून दाखवतात, की रोज चार तास याप्रमाणे वर्षाचे 250 दिवस धरले तर वीस वर्षांत वीस हजार तास, म्हणजे सुमारे सव्वादोन वर्षे, हा गृहस्थ निव्वळ गाडीत राहिलेला आहे. एवढ्या काळात बोईसरला दोन खोल्यांचे घर कधीच झाले असते. हिशेब बरोबर आहे, पण त्यात एक रकाना राहून गेला आहे. ज्या मालकाने सवलत दिसताच अंधेरी सोडली, त्याला बोईसरची तरी काय माया? दादरा नगर हवेलीतील करसवलती दिसल्या तेव्हा सिल्व्हासा, आणि त्याआधी व नंतर वापी, या गावांनी मुंबई-ठाण्याकडचे कितीतरी कारखाने ओढून घेतले. ज्या कामगाराने कंपनीच्या शब्दावर बोईसरला जागा घेतली, मुले तिथल्या शाळेत घातली आणि आईचे गुडघे नव्या डॉक्टरच्या हवाली केले, तो कंपनी वापीला निघाली तेव्हा अडकला. अपडाउनवाल्याने फक्त पास वाढवून घेतला. कारखान्याला मुदतीची सवलत मिळते आणि माणसाने मात्र कायमचे बिऱ्हाड करावे, ही अपेक्षाच मुळात एकतर्फी आहे. तेव्हा ज्याला सगळे चालढकल म्हणतात, तो या पट्ट्याचा इतिहास नीट वाचलेल्या माणसाचा सावधपणा आहे, असे म्हणणे भाग पडते. तो स्वतः असे कधी म्हणत नाही. तो म्हणतो, धाकटीची दहावी होऊ द्या.

वर वर्णन केलेल्या रूममधील चौथ्या खिळ्याचे मालक मार्चअखेर सेवानिवृत्त झाल्याने तो खिळा सध्या रिकामा आहे. इच्छुकांनी संध्याकाळच्या अप लोकलमध्ये, पुढून तिसऱ्या डब्यात, शनिवार-रविवार सोडून चौकशी करावी. खिडकीशी मात्र बसू नये.